पत्ता तोच, डिस्क वेगळी

आमच्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातला सर्व्हर म्हणजे टेबलाखाली मावेल असा एक टॉवर, आत २४० जीबीची एकच एसएसडी आणि त्यावर डेबियन. पण तालुक्यातालुक्यातून वार्ताहरांच्या मेल त्याच्यावरच यायच्या. जुन्या बातम्यांचा आणि छायाचित्रांचा डेटाबेस त्याच्यावर, ई-पेपर त्याच्यावर, आणि रात्री सोडलेलं प्रत्येक पान प्लेट काढणाऱ्या मशीनकडे जायचं तेही त्याच्यातूनच. हा सगळा पसारा व्हार नावाच्या एका डिरेक्टरीत राहत होता, आणि ती डिरेक्टरी बाकीच्या सिस्टिमबरोबर त्याच एका पार्टिशनमध्ये होती.

डेबियन बसवताना इन्स्टॉलर विचारतो की सगळ्या फाइली एकाच पार्टिशनमध्ये ठेवायच्या, होम वेगळं ठेवायचं, की होम, व्हार आणि टेम्प अशी तिन्ही वेगळी करायची. पहिल्या पर्यायापुढे नवख्यांसाठी शिफारस केल्याची नोंद असते. बहुतेक जण तोच निवडतात आणि वर्षानुवर्षं त्यांचं काही अडत नाही. अडतं ते डिस्क भरते तेव्हा. आमची भरायला लागली होती.

डिस्क शंभर टक्के भरलेल्या युनिक्स मशीनवर बसण्याचा अनुभव विचित्र असतो. मशीन बंद पडत नाही, अर्धवट चालत राहतं. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड अर्धी टाइप करून टॅब दाबलं, की फाइलचं नाव पूर्ण होण्याऐवजी बॅश तक्रार करतं: तात्पुरती फाइल तयार करता येत नाही, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. नाव पूर्ण करण्याइतक्या किरकोळ कामालासुद्धा त्याला चिमूटभर जागा लागते. डेटाबेस मरत नाही. कुणीतरी जागा मोकळी करून देईल म्हणून थांबून राहतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मागे रांगेत उभी राहते. एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, ती अशा वेळी उपयोगी पडावी म्हणूनच. पण लॉग लिहिणारे बरेच प्रोग्रॅम रूटच्याच अधिकाराने चालतात, त्यामुळे ती राखीव जागाही तेच खाऊन टाकतात.

तेव्हा व्हार वेगळ्या डिस्कवर न्यायची हे ठरलं. हीच डिरेक्टरी का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

युनिक्स जन्मलं न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली आपल्या सिस्टिमवर जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यात त्यांच्या पीडीपी-११/४५ मशीनची यादी दिली आहे: एक एमबीची स्थिर हेडची डिस्क, अडीच-अडीच एमबीची काढघाल करता येणारी चार कार्ट्रिजं आणि ४० एमबीचा एक पॅक. सिस्टिम एका डिस्कवर मावेना तेव्हा तिचा उरलेला भाग वापरकर्त्यांच्या डिस्कवर, म्हणजे यूएसआरमध्ये, सरकवला गेला. बिन एकीकडे आणि यूएसआरच्या आत पुन्हा दुसरा बिन, ही जोडी तिथून आली. पुढे ऐंशीच्या दशकात अनेक वर्कस्टेशनांनी एकच यूएसआर नेटवर्कवरून वाटून घ्यायची पद्धत रुळली. वाटून घ्यायची तर ती फक्त वाचण्यापुरती हवी. मग जे जे बदलतं, म्हणजे लॉग, टपाल, छपाईची रांग, ते तिथून उचलून व्हारमध्ये नेलं गेलं. लिनक्समध्ये डिरेक्टऱ्यांची मांडणी ठरवणारं मानकही व्हारचं कारण हेच देतं. आता मात्र गाडी उलट्या दिशेने निघाली आहे. फेडोराने २०१२ मध्ये १७व्या आवृत्तीत बिन पुन्हा यूएसआरमध्ये मिसळला, आणि डेबियनने २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून तेच सक्तीचं केलं. यूएसआर अशी एकवटत चालली असताना व्हार मात्र आजही सुखाने वेगळी राहू शकते, कारण मशीन सुरू होतानाच्या पहिल्या क्षणांत लागणाऱ्या नोंदी २०११ च्या सुमाराला रन नावाच्या, मेमरीत राहणाऱ्या डिरेक्टरीत गेल्या. व्हारच्या आतलं रन आता नुसती तिकडे बोट दाखवणारी लिंक आहे.

युनिक्समध्ये डिस्कला ड्राइव्हचं अक्षर नसतं. सगळ्यांचं मिळून एकच झाड. त्याच्या कुठल्याही फांदीवर दुसरी डिस्क बसवता येते, आणि प्रोग्रॅमला फक्त पत्ता दिसतो. व्हारच्या लिबमध्ये राहणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसचा पत्ता बदलत नाही, मागची डिस्क बदलते. म्हणून हे काम ऐकायला सोपं वाटतं: नवी डिस्क लावा, सगळं कॉपी करा, कुठली डिस्क कुठे बसवायची ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलीत एक ओळ लिहा, मशीन परत सुरू करा. कॉपी खरंच सोपी आहे. वेळ गेला तो व्हारमध्ये कोण कोण लिहितं हे शोधण्यात.

आधी डीयू कमांडने कुठे किती जागा गेली त्याची उतरत्या क्रमाने यादी काढली. डेटाबेस सर्वांत वर, त्याखाली ई-पेपरच्या पीडीएफ, मग मेल, मग लॉग. पण डीयूची बेरीज आणि डीएफचा आकडा जुळेना. डीएफ सांगत होतं त्यापेक्षा कितीतरी कमी जागा डीयूला सापडत होती. याचं नेहमीचं कारण एलएसओएफ दाखवतं. नाव उरलेलं नाही पण कुठलातरी प्रोग्रॅम उघडी धरून बसला आहे अशा फाइलींची यादी त्याच्याकडून मिळते. युनिक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फक्त तिचं नाव काढणं. शेवटचं नाव गेलं आणि शेवटच्या प्रोग्रॅमने ती सोडली, तेव्हाच जागा परत मिळते. कुणीतरी कधीतरी वेब सर्व्हरचा अगडबंब लॉग पुसला होता आणि वेब सर्व्हर मात्र त्यातच लिहीत राहिला होता. त्याला रीस्टार्ट केल्याबरोबर कित्येक जीबी मोकळे झाले. तेवढ्याने स्थलांतर टळलं नाही, पण घाई गेली आणि नीट बघायला उसंत मिळाली.

मग ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनची पाळी. वापरकर्त्यांचे क्रॉनटॅबही व्हारच्याच आत, स्पूलमध्ये असतात, आणि मशीनचा खरा इतिहास तिथे सापडतो. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये पहाटे साडेतीनची एक ओळ होती. ती सर्व्हर उभा करणाऱ्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी लिहिली होती. ते आता निवृत्त आहेत आणि सगळा विभाग त्यांना काका म्हणतो. त्यांना फोन लावला.

"काका, पहाटे साडेतीनचा क्रॉन कशाचा आहे?"

"ई-पेपरचा. दिवसाची पानं संग्रहात टाकतो. पण कॉपी नाही करत हं, हार्ड लिंक करतो. तेव्हा डिस्क कुठे होती रे एवढी!"

"आणि आता व्हार दुसऱ्या डिस्कवर नेली तर?"

"मग बोंबलला तो."

ई-पेपरच्या पीडीएफ व्हारमध्ये होत्या आणि संग्रह बाहेर, एसआरव्हीमध्ये. दोन्ही ठिकाणी नावं होती, पण मजकूर डिस्कवर एकदाच. हार्ड लिंक म्हणजे एकाच आयनोडला, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीला, दिलेलं दुसरं नाव, आणि आयनोडचा क्रमांक एका फाइल सिस्टिमपुरताच खरा असतो. व्हार वेगळी झाली की अशी लिंक करता येत नाही. कर्नल सरळ नकार देतो: दोन डिव्हाइसांमध्ये लिंक चालत नाही. टॉम्प्सन आणि रिची यांच्या त्या लेखातही हा अपवाद नोंदवला आहे. जोडलेली डिस्क मूळ झाडाच्या इतर भागासारखीच वागते, मात्र एका डिस्कवरून दुसरीवर लिंक करता येत नाही. कारणही दिलं आहे: काढता येणारी डिस्क काढून घेतली की तिच्याकडे जाणाऱ्या लिंकांचा हिशेब कुठे ठेवत बसायचा?

फाइंडने एकाहून जास्त नावं असलेल्या फाइली शोधल्या, तेव्हा जवळजवळ सगळा ई-पेपर यादीत आला. नुसती व्हार हलवली असती तर पीडीएफ नव्या डिस्कवर गेल्या असत्या आणि संग्रहातल्या नावांमुळे जुन्या डिस्कवरही तशाच राहिल्या असत्या. म्हणजे एसएसडीवरची ती जागा सुटलीच नसती.

उपाय त्यातल्या त्यात सोपा निघाला. दोन्ही एकाच फाइल सिस्टिमवर असेपर्यंतच संग्रह व्हारमधल्या लोकलमध्ये सरकवला. एकाच डिस्कवर एमव्ही म्हणजे फक्त नावाची नोंद बदलणं. हजारो फाइलींचा संग्रह डोळ्याचं पातं लवायच्या आत हलला आणि लिंका जशाच्या तशा राहिल्या. जुन्या पत्त्यावर संग्रह दिसत राहावा म्हणून तिथे बाइंड माउंट करावं, म्हणजे तीच डिरेक्टरी दुसऱ्या पत्त्यावरही जोडावी, असं पहिल्यांदा मनात येतं. पण लिनक्सची एक खोड आहे. मागची फाइल सिस्टिम एकच असली तरी दोन वेगळ्या माउंटांमध्ये तो हार्ड लिंक करू देत नाही. सिम्बॉलिक लिंक वापरली तर वाट शेवटी त्याच माउंटवर पोहोचते आणि कर्नल काही बोलत नाही. म्हणून संग्रहाच्या जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवली आणि क्रॉनच्या स्क्रिप्टला हातही लावावा लागला नाही.

दुसरी गोष्ट काकांच्या स्क्रिप्टांच्या फोल्डरमध्ये सापडली, आणि ती अधिक नाजूक होती. पान लावणारे ऑपरेटर तयार पानाची पीडीएफ होममधल्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकतात. उपसंपादकाने पान तपासून सोडलं, की एक स्क्रिप्ट ती फाइल एमव्हीने व्हारमधल्या स्पूलच्या फोल्डरमध्ये ढकलते. त्या फोल्डरवर प्लेट काढणाऱ्या मशीनच्या कॉम्प्युटरची नजर असते. पीडीएफ दिसली रे दिसली, की तो ती उचलतो. आजवर हे निर्धोक चाललं, कारण एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणं अखंड असतं. फाइल एक तर दिसत नाही, नाहीतर पूर्ण दिसते. होम एका डिस्कवर आणि व्हार दुसऱ्या डिस्कवर गेली की तीच एमव्ही कमांड तक्रार न करता आधी कॉपी करते आणि मग मूळ फाइल पुसते. रंगीत पानाची पीडीएफ चांगली वजनदार असते. ती अर्धी उतरली असतानाच पलीकडच्या कॉम्प्युटरने उचलली, तर अर्ध्या पानाची प्लेट निघणार, आणि तीही रात्री दीड वाजता, मशीन विभाग कागद लावून उभा असताना.

हार्ड लिंक मोडली की निदान एरर येते. इथे एररही आली नसती. म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन ओळी बदलल्या. फाइल आधी स्पूलच्याच फोल्डरमध्ये वेगळ्या शेपटीच्या नावाने कॉपी होते. पलीकडचा कॉम्प्युटर फक्त पीडीएफ शेपटीची नावं बघतो, त्यामुळे त्याला ती दिसत नाही. कॉपी पुरी झाली की तिथल्या तिथे नाव बदलतं. दोन्ही नावं एकाच डिस्कवर, म्हणून ते बदलणं पुन्हा अखंड. हा बदल स्थलांतराच्या आधीच चालू केला आणि रोजच्या कामात त्याला रुळू दिलं.

आता दिवस ठरवायचा होता. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्र हाच दिवस असतो. डाक आवृत्ती सुटली की शहर आवृत्ती, ती सुटेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि पहाटेपासून ई-पेपर वाचणारे येतात. मी रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांना विचारलं, "साहेब, काही तास सर्व्हर बंद ठेवायचाय. कधी जमेल?"

"कधीच नाही," ते म्हणाले. मग पानावरून नजर न उचलता, "सव्वीस जानेवारीला कर की. सत्तावीसचा अंक नसतो."

प्रजासत्ताक दिनाला कचेरीला सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. वार्ताहर ध्वजवंदनाचे फोटो पाठवतातच, पण मेलची काळजी नव्हती. समोरचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. काही तासांत काही हरवत नाही. ई-पेपरची सकाळची गर्दी ओसरली की दुपारी सुरू करायचं ठरलं.

नवी डिस्क २ टीबीची. लावल्याबरोबर स्मार्टची लांबलचक चाचणी चालवली. जुनी डिस्क सोडून सगळा संसार जिच्यावर न्यायचा ती पहिल्याच आठवड्यात दगा देणारी निघू नये. जीपीटी पार्टिशन केलं, एक्स्ट-फोर घातलं. रूटसाठी पाच टक्के राखायची सवय इथे महागात पडते, कारण २ टीबीचे पाच टक्के म्हणजे १०० जीबी. शिवाय डेटाबेस स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, रूटच्या नव्हे, म्हणजे त्या राखीव जागेचा त्याला काडीचा उपयोग नाही. राखीव जागा एक टक्क्यावर आणली.

पहिली कॉपी आदल्या संध्याकाळी, सगळं चालू असतानाच केली. ती पूर्णपणे खरी नसते, कारण कॉपी चालू असताना फाइली बदलत असतात. पण बहुतांश भार तिनेच उचलला जातो आणि बंद ठेवण्याची वेळ कमी होते. कॉपी आरसिंकने केली. त्याच्या नेहमीच्या ए पर्यायात मालक, अधिकार, वेळा, सिम्बॉलिक लिंका हे सगळं येतं. हार्ड लिंका, एसीएल आणि वाढीव गुणधर्म येत नाहीत, त्यांच्यासाठी मोठा एच, मोठा ए आणि मोठा एक्स वेगळे द्यावे लागतात. एसीएल कुठे लागतात असं वाटेल, पण सिस्टिमडीच्या जर्नलची डिरेक्टरी एडीएम गटाला वाचायचा हक्क एसीएलनेच देते. विरळ फाइलींसाठी मोठा एसही लावला. लास्टलॉग ही फाइल वापरकर्त्याच्या क्रमांकाप्रमाणे जागा सोडत जाते, त्यामुळे एलएसमध्ये ती भलीमोठी दिसते आणि डिस्कवर मात्र जेमतेम काही ब्लॉक व्यापते. आणि उगमाच्या नावामागची तिरकी रेघ. ती असली तर व्हारच्या आतलं सगळं जातं, नसली तर नव्या डिस्कवर आणखी एक व्हार तयार होते.

सव्वीसच्या दुपारी डेटाबेसचा पूर्ण डंप काढून तो दुसऱ्या मशीनवर ठेवला आणि सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावला. बहुतेक सेवा थांबवणाऱ्या रेस्क्यू मोडमध्ये गेलं की लांबून जोडणी राहत नाही, समोरच बसावं लागतं. शिवाय डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला नसेल तर त्याचं खातं कुलूपबंद असतं, आणि रेस्क्यू मोड दारातच अडवतो. तो पासवर्ड आधीच दिलेला होता. रेस्क्यूमध्ये गेल्यावर एक एक सेवा थांबल्याच्या ओळी स्क्रीनवर सरकत गेल्या: वेब, मेल, सांबा, डेटाबेस. मग एलएसओएफने पुन्हा बघितलं, व्हारमध्ये अजून कोण आहे? एकटा जर्नलडी उरला होता. रेस्क्यू मोडमध्येही तो लॉग लिहीतच असतो. त्याला व्हार सोडून रनमध्ये लिहायला सांगणारा पर्याय जर्नलसीटीएलमध्येच आहे. तो दिला आणि यादी रिकामी झाली.

आता शेवटची कॉपी. या वेळी डिलीटचा पर्यायही लावला, म्हणजे पहिल्या कॉपीनंतर जुन्या डिस्कवरून गेलेल्या फाइली नव्या डिस्कवरूनही जाव्यात. नाहीतर कालची वाचून पुसलेली मेल आज पुन्हा हजर होते. डेटाबेसच्या डिरेक्टरीवर चेकसमही लावला. आरसिंक एरवी आकार आणि वेळ बघून फाइल बदलली की नाही ते ठरवतं. डेटाबेसच्या फाइलींचा आकार तोच राहून आतला मजकूर बदलतो, तिथे वेळेवर सगळा भरवसा टाकायचा नव्हता. डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकत होता, बाकी स्क्रीनवर काही हालचाल नाही. हा भाग कंटाळवाणाच असायला हवा.

मग जुन्या व्हारचं नाव बदलून तिच्या जागी रिकामी व्हार केली. काही जण भरलेल्या व्हारवरच नवी डिस्क माउंट करतात. चालतं, पण जुना मजकूर तिच्याखाली झाकला जातो आणि जागा अडवून बसतो. डीएफला तो मोजता येतो, डीयूला सापडत नाही. मग रूट पार्टिशनला दुसरीकडे बाइंड माउंट करून त्या वाटेने खाली उतरावं लागतं. नाव बदलून ठेवलं की जुनी व्हार डोळ्यांसमोर राहते आणि परतीची वाटही. रिकाम्या व्हारवर सीएचएटीटीआरने न बदलण्याचा गुणधर्म लावला. डिस्क माउंट झालेली नसेल तर त्या रिकाम्या जागी कुणालाही काही लिहिता येणार नाही.

त्याच विचाराने एफस्टॅबमधली ओळ लिहिली. सहा रकाने. पहिला डिस्कच्या यूयूआयडीचा, कारण एसडीए आणि एसडीबी ही नावं केबल बदलली तरी अदलाबदल होऊ शकतात. शेवटचा रकाना २, म्हणजे रूट पार्टिशनची तपासणी झाल्यावर हिची. चौथ्या रकान्यात नोफेल घालायचा मोह होतो, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होतं. बॅकअपच्या डिस्कला ते ठीक आहे. व्हारला नाही. रिकाम्या व्हारवर सुरू झालेला मेल सर्व्हर भलत्याच डिस्कवर पत्रं घेऊ लागण्यापेक्षा, मशीनने दीड मिनिट डिस्कची वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये थांबलेलं परवडलं. फाइंडमाउंटच्या तपासणीने ओळ बरोबर असल्याचं सांगितलं, माउंट झालं, आणि मशीन परत सुरू केलं.

सुरू झाल्यावर डीएफमध्ये व्हारची वेगळी ओळ आली. व्हारमधल्या टेम्पचे अधिकार १७७७ आहेत ना, ते बघितलं. डेटाबेसच्या टेबलांची तपासणी चालवली, मेल पाठवून मागवली, एपीटीने पॅकेजांची यादी ताजी केली. कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या फाइली उघडायच्या ते ठरवणाऱ्या अ‍ॅपआर्मरच्या नियमांना हात लावावा लागला नाही. डेटाबेस दुसऱ्या पत्त्यावर नेऊन जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवली असती, तर अ‍ॅपआर्मरने खरा पत्ता बघून नियमानुसार अडवलं असतं. माउंटमध्ये पत्ता खरोखर तोच राहतो. रोखलेल्या मेल तासाभरात यायला लागल्या, ध्वजवंदनाच्या फोटोंसकट.

खरी परीक्षा सत्तावीसच्या रात्री झाली, अठ्ठावीसच्या अंकाच्या वेळी. डाक आवृत्तीचं पहिलं पान सोडलं तेव्हा मी स्पूलच्या फोल्डरवर नजर ठेवून बसलो होतो. वेगळ्या शेपटीचं नाव दिसलं, क्षणभराने ते पीडीएफ झालं, आणि पलीकडे गेलं. मशीन विभागात फोन करून विचारलं, "पान आलं का?"

"आलं. प्लेट निघाली पण. काय झालं?"

"काही नाही," म्हटलं.

जुनी व्हार काही आठवडे तशीच ठेवली आणि महिनाअखेरचे सगळे हिशेब पार पडल्यावर पुसली. एसएसडी बरीचशी मोकळी झाली. पण जागा मिळाली म्हणून प्रश्न संपला असं नाही, हे पावसाळ्यात कळलं. संकेतस्थळावरचं एक प्लगइन बिघडलं आणि दर सेकंदाला लॉगमध्ये ढीगभर ओळी ओतू लागलं. लॉगरोटेट तेव्हा दिवसातून एकदाच फिरायचं, तोवर व्हार भरून गेली. डेटाबेस पूर्वीसारखाच जागेची वाट बघत थांबला. एक फरक होता. मी लॉगिन केलं, टॅब दाबलं आणि फाइलचं नाव पूर्ण झालं. रूट पार्टिशन मोकळं होतं, म्हणून दोषी फाइल लगेच सापडली, प्लगइन बंद झालं आणि डाक आवृत्तीआधी सगळं मार्गी लागलं.

डिस्क वेगळी केल्याने भरण्याचं थांबत नाही. एकाच्या भरण्याने दुसरा गुदमरत नाही, एवढंच. हेच व्हारच्या आतही खरं आहे. लॉग आणि डेटाबेस अजून एकाच फाइल सिस्टिमवर आहेत, म्हणून लॉगने डेटाबेस अडवला. जर्नलडी स्वतःवर मर्यादा घालून घेतो, फाइल सिस्टिमच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी. वेब सर्व्हरच्या लॉगला अशी अक्कल नाही. म्हणून पुढचं काम लॉगला स्वतःचं पार्टिशन देण्याचं आहे, आणि तोपर्यंत लॉगरोटेट आकार बघून तासातासाला फिरतं.

मशीन पुढे ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी मी एक टिपण केलं आहे आणि ते ईटीसीमध्ये, एफस्टॅबच्या शेजारी ठेवलं आहे. कॉपी कशी करायची हे त्यात नाही, ते मॅन्युअलमध्ये मिळतं. त्यात आहे या मशीनवर कुणाची लिंक कुठून कुठे जाते, कोणती स्क्रिप्ट फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत ढकलते, आणि यांतल्या कुठल्या दोन डिरेक्टऱ्या एकाच डिस्कवर राहायलाच हव्यात. लॉग वेगळा करण्याआधी ती यादी मलाही पुन्हा एकदा वाचायची आहे.